निकालानंतरचे कथन : हिवाळी ऑलिम्पिकचे दूरचित्रवाणी-प्रक्षेपण आणि ‘थेट’पणाचा प्रश्न

२६ जानेवारी १९५६ रोजी इटलीतील कोर्तिना दाम्पेझ्झो या डोंगरी गावी सातव्या हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धांचे उद्घाटन झाले. ज्योत हाती घेऊन बर्फावरून स्केटिंग करीत येणारा ग्वीदो कारोली मैदानावर टाकलेल्या एका केबलला अडखळून पडला. ज्योत विझली नाही. तो उठला आणि उरलेले अंतर त्याने पार केले. हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा दूरचित्रवाणीवरून थेट दाखविल्या जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. एखाद्या कादंबरीकाराने या इतिहासाचा असा आरंभ कल्पिला असता, तर तो समीक्षकांना फारच ओढूनताणून आणलेला वाटला असता.

दूरचित्रवाणीच्या सैद्धांतिक चर्चेत ‘थेट’ या विशेषणाला जवळजवळ व्याख्येचे स्थान मिळालेले आहे. डॅनियल दायान आणि एलिहू कॅट्झ यांनी ‘मीडिया इव्हेंट्स’ (१९९२) या ग्रंथात माध्यमप्रसंगांची जी मीमांसा केली, तिच्या मुळाशी घटना आणि तिचे दर्शन एकाच वेळी घडते हे गृहीत आहे. राज्याभिषेक, चांद्रविजय, क्रीडास्पर्धा या सर्वांचे सामर्थ्य ‘आत्ता’ या क्षणात आहे, असे ते मानतात. हिवाळी ऑलिम्पिकचा इतिहास मात्र या गृहीतकाला वारंवार अडचणीत आणतो. या स्पर्धांतील जे क्षण सामूहिक स्मृतीत सर्वांत खोल रुतले, त्यांतील कित्येक क्षण प्रेक्षकांनी पाहिले तेव्हा घडून गेलेले होते; त्यांचे निकाल नोंदले गेले होते, काही वेळा खेळाडू झोपीही गेले असतील. तरीही ते ‘थेट’ पाहिल्याची आठवण लोक सांगतात. ही आठवण खोटी म्हणून बाजूला सारण्यापेक्षा ती कोणत्या कथनरीतीतून घडते हे पाहणे तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे.

प्रथम या खेळांच्या प्रकृतीचा विचार करावा लागतो. फुटबॉल किंवा कुस्ती यांत प्रतिस्पर्धी समोरासमोर असतात आणि संघर्ष डोळ्यांना दिसतो. उतारावरील स्कीइंग, ल्यूज, बॉबस्ले या खेळांत मात्र स्पर्धक एकामागून एक येतात. प्रत्येकाचे खरे भांडण घड्याळाशी असते आणि घड्याळ अदृश्य असते. शिवाय हे खेळ डोंगरउतारावर लांबवर पसरलेले असतात. उताराच्या कडेला थंडीत उभा असलेला प्रेक्षक स्पर्धकाला दोन-तीन सेकंद पाहतो. वरून काय घडत आले आणि खाली काय होणार, हे त्याला ध्वनिक्षेपकावरूनच कळते. संपूर्ण शर्यत, आरंभापासून अखेरपर्यंत, सलग अशी केवळ पडद्यावर अस्तित्वात येते. म्हणजे येथे आधी मूळ संहिता आणि मग तिचे रूपांतर, असा क्रम लावता येत नाही. रोलाँ बार्तने ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये फ्रान्सच्या सायकल-शर्यतीला महाकाव्य म्हटले, तेव्हा त्याच्यासमोर वृत्तपत्रांनी रचलेली शर्यत होती. तीही रस्त्यावरून कोणालाच पूर्ण दिसत नसे. हिवाळी खेळांच्या बाबतीत ही अवस्था अधिकच टोकाची आहे.

कोर्तिनाला ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरने जायंट स्लॅलम ६.२ सेकंदांच्या फरकाने जिंकली. एवढे अंतर उघड्या डोळ्यांना समजते. पुढे हे अंतर आटत गेले. २०१४ साली सोची येथे स्त्रियांच्या डाउनहिल शर्यतीत स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची दोमिनिक जिझँ यांची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी आली आणि सुवर्णपदक दोघींना द्यावे लागले. शतांश सेकंदाचे नाट्य माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. ते दाखवावे लागते. पडद्याच्या कोपऱ्यात धावणारे अंक, मधल्या टप्प्यांवरील वेळ, आघाडी असल्यास हिरवा आणि पिछाडी असल्यास लाल रंग, ही सगळी चिन्हव्यवस्था त्यासाठी उभी राहिली. एकट्या धावणाऱ्या माणसाशेजारी अनुपस्थित प्रतिस्पर्धी उभा करणे हे तिचे कार्य. काव्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे आलंबन अंकांतून सूचित होते.

दूरचित्रवाणी ही केवळ साक्षीदार नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. १९६० साली कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथील स्पर्धांसाठी सीबीएस कंपनीने ५०,००० डॉलर मोजून प्रक्षेपणाचे हक्क घेतले. तेथे पुरुषांच्या स्लॅलममध्ये एका स्पर्धकाने एक दार चुकविले की नाही याबद्दल पंचांना शंका आली, तेव्हा त्यांनी सीबीएसकडे चित्रफीत पुन्हा पाहण्याची परवानगी मागितली. घटनेचा निर्णय घटनेच्या प्रतिमेकडे सोपविला गेला. क्षणाची पुनरावृत्ती ही कल्पना पुढे सर्वच खेळांत रूढ झाली, तिच्या उगमकथेत या प्रसंगाचा उल्लेख हमखास येतो. हक्कांची किंमतही चढत गेली : १९८० साली लेक प्लॅसिडसाठी एबीसी कंपनीने १ कोटी ५५ लाख डॉलर दिले, तर १९८८च्या कॅल्गरीसाठी तिनेच ३० कोटी ९० लाख. एवढी रक्कम मोजणाऱ्याला निकाल विकून भागत नाही. निकाल रेडिओवर फुकट मिळतो. त्याला कथा विकावी लागते.

ही कथा रचण्याचे शास्त्र एबीसीच्या रून आर्लिजने सिद्ध केले. खेळाडूचे गाव, आईवडील, आजारपण, पहाटेचा सराव यांची छोटी चित्रणे स्पर्धेआधी दाखवायची, म्हणजे अनोळखी देशातील अनोळखी खेळाचा अनोळखी स्पर्धकही दोन मिनिटांत प्रेक्षकाचा आप्त होतो. कीर्तनातील पूर्वरंग ऐकलेल्यास या योजनेत नवे काही वाटणार नाही. फरक इतकाच, की येथे पूर्वरंगात तत्त्व नसते, चरित्र असते. आर्लिजच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ या कार्यक्रमाच्या शीर्षकदृश्यात पराभवाचे दुःख दाखविण्यासाठी एका स्की-उडी घेणाऱ्या खेळाडूचे भीषण पडणे वर्षानुवर्षे वापरले गेले. तो युगोस्लाव्हियाचा विन्को बोगाताय. १९७० साली जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे तो पडला होता. अमेरिकेतील घराघरात त्याचे पडणे दर आठवड्यास पाहिले जात होते आणि स्वतः बोगातायला कित्येक वर्षे याची वार्ताही नव्हती. एखादे पात्र आपण पात्र आहोत हे न कळता दुसऱ्या संस्कृतीच्या संहितेत वावरत राहते, याचे इतके शुद्ध उदाहरण वाङ्मयातही क्वचितच सापडेल.

लेक प्लॅसिडच्या आइस हॉकीच्या सामन्याचा विचार येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे. २२ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेच्या महाविद्यालयीन वयाच्या हौशी खेळाडूंनी सोव्हिएत संघाला ४-३ असे हरविले. पार्श्वभूमीला अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्य होते, तेहरानमधील ओलीस होते. सामना स्थानिक वेळेनुसार सायंकाळी ५ वाजता ठरलेला होता. एबीसीला तो रात्री ८ वाजता हवा होता, कारण अमेरिकी कुटुंब त्या वेळी दूरचित्रवाणी-संचासमोर असते. परंतु लेक प्लॅसिडचे सायंकाळचे ५ म्हणजे मॉस्कोत रात्रीचा १, आणि ८ म्हणजे पहाटेचे ४. सोव्हिएत पक्षाने आक्षेप घेतला, आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने वेळ बदलली नाही. दोन महासत्तांमधील हा छोटासा संघर्ष कोणाच्या प्रेक्षकाचा ‘आत्ता’ प्रमाण मानायचा याबद्दल होता आणि तो सोव्हिएत पक्षाने जिंकला, ही गोष्ट सामन्याच्या आख्यायिकेत सहसा सांगितली जात नाही. एबीसीने सामना ध्वनिचित्रमुद्रित केला आणि रात्री दाखविला. कॅनडाच्या प्रेक्षकांनी तो प्रत्यक्ष घडताना पाहिला. ज्यांच्या राष्ट्रीय पुराणकथेत तो जाऊन बसला, त्या अमेरिकेतील बहुतेकांनी मात्र काही तासांनी.

या रात्रीच्या कथनाची रचना लक्षणीय आहे. समालोचक अल मायकल्स याचे शब्द मैदानात, सामना चालू असताना उच्चारले गेले होते. अखेरच्या सेकंदांत चमत्कारावर विश्वास आहे ना, असा प्रश्न विचारून त्याचे उत्तर त्यानेच दिले, तेव्हा त्याला पुढचा क्षण ठाऊक नव्हता. पण तो आवाज ज्या कार्यक्रमात बसविला गेला, त्याच्या स्टुडिओतील निवेदकाला, जिम मॅके याला, सारे ठाऊक होते. एकाच कथनात एक अज्ञ आणि एक सर्वज्ञ निवेदक. जेरार जेनेतच्या परिभाषेत कथाकाळ आणि कथनकाळ यांच्यातील अंतर म्हणून याचे वर्णन होऊ शकेल. पण त्या परिभाषेत एक गोष्ट निसटते : येथे सर्वज्ञ निवेदक आपले ज्ञान लपवून अज्ञाला पुढे करतो, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असूनही तो अज्ञाचाच आवाज ऐकू इच्छितो.

समालोचकाची गोष्ट निघाली की भारतीय लेखनात संजयाचे नाव येतेच. ही उपमा आता इतकी गुळगुळीत झाली आहे की ती टाळावीशी वाटते. तथापि ती सहसा चुकीच्या अर्थाने वापरली जाते, म्हणून तिच्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीमुळे संजय युद्धाचे धावते वर्णन करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतील भीष्मपर्व वाचले असता निराळेच चित्र दिसते. संजय दहाव्या दिवसानंतर रणभूमीवरून परत येतो आणि प्रथम शेवट सांगतो : भीष्म पडले. धृतराष्ट्र शोक करतो, प्रश्न विचारतो, आणि त्यानंतर आरंभापासून कथन सुरू होते. गीतेच्या पहिल्या श्लोकातील धृतराष्ट्राच्या प्रश्नाचे क्रियापद भूतकाळी आहे, ते याचमुळे. द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या पर्वांतही हाच क्रम आढळतो. संजयाचे वर्णन ‘थेट’ नाही. निकाल सांगून झाल्यावरचे ते सविस्तर पुनःकथन आहे. काय झाले हे धृतराष्ट्राला कळलेले आहे, त्याला कसे झाले ते हवे आहे.

लेक प्लॅसिडच्या रात्री निकाल आधीच ऐकूनही संचासमोर बसलेला प्रेक्षक हा या अर्थाने धृतराष्ट्राचा सगोत्र ठरतो. उत्कंठा निकालाच्या अज्ञानातून जन्मते, हा नियम रहस्यकथेचा, महाकाव्याचा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आणखी एक परिमाण जोडले आहे. तेथे संजयाच्या अंगी अष्टसात्त्विक भाव दाटतात आणि धृतराष्ट्र मात्र कोरडा बसून राहतो. निवेदकाचा कंप आणि श्रोत्याची थंडाई यांच्यातील ही विसंगती समालोचनकलेचा जुनाच प्रश्न आहे. मायकल्सचा आवाज फुटला तो खरा म्हणून टिकला. पुढे कित्येक समालोचकांनी तसा आवाज ठरवून फोडला, आणि श्रोते धृतराष्ट्रासारखे बसून राहिले.

वेळेशी झगडण्याचे एक अगदी वेगळे, अधिक नितळ उदाहरण सारायेवोचे आहे. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी ब्रिटनच्या जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन यांनी राव्हेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केले आणि कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० हे पूर्ण गुण दिले. संगीत कितीही कापले तरी नियमातील मर्यादेपेक्षा सुमारे १८ सेकंद जास्त उरत होते. नियम असा, की पात्याचा बर्फाला स्पर्श झाल्यावर घड्याळ सुरू होते. म्हणून दोघांनी गुडघ्यांवर बसून आरंभ केला. पाती वर, शरीरे लयीत. नृत्य सुरू झालेले आहे आणि काळ अजून सुरू व्हायचा आहे. कॅमेऱ्याने या अवस्थेचे जवळून दर्शन घडविले नसते, तर हा आरंभ दूरच्या आसनांवरील प्रेक्षकांपलीकडे कोणालाही दिसला नसता.

त्याच सारायेवोला १९९२ पासून वेढा पडला. झेत्रा या क्रीडागृहातील लाकडी आसनांच्या फळ्या शवपेट्यांसाठी वापरल्या गेल्या. त्रेबेविच डोंगरावरील बॉबस्लेच्या मार्गाचा परिसर तोफांचे ठाणे झाला. फेब्रुवारी १९९४ मध्ये नॉर्वेतील लिलहामर येथे स्पर्धा सुरू होत्या तेव्हा जगभरच्या वाहिन्यांनी दहा वर्षांपूर्वीची बर्फाळ चित्रे पुन्हा काढली आणि उद्ध्वस्त इमारतींशेजारी ठेवली. १९८४ मध्ये सारायेवोतच सुवर्ण मिळविलेली कातारीना विट लिलहामरला एका युद्धविरोधी गीतावर नाचली आणि सातवी आली. पुनःप्रक्षेपणाचा अर्थ येथे पालटतो. एरवी ते निकालाचे सुख पुन्हा देते; येथे ते शोकगीत झाले. मात्र त्याच लिलहामरमध्ये अमेरिकी प्रेक्षकांची अफाट संख्या विटसाठी नव्हती. ती नॅन्सी केरिगन आणि टोन्या हार्डिंग यांच्यासाठी होती. केरिगनवर जानेवारीत झालेला हल्ला आणि त्यात हार्डिंगच्या निकटवर्तीयांचा हात, या प्रकरणामुळे २३ फेब्रुवारीची त्यांची स्पर्धा अमेरिकेच्या दूरचित्रवाणी-इतिहासातील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत गणली जाते. तीही मुद्रित होती, थेट नव्हती.

एनबीसी वाहिनीने पुढे या युक्तीला नाव दिले. त्याचा आशय ‘पटण्याजोगे थेट’ असा सांगता येईल. म्हणजे थेट नाही, पण तसे नाही असेही सांगायचे नाही. कालिक अंतर अपरिहार्य असते तेव्हा हे समजण्यासारखे आहे. पण २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हरच्या स्पर्धा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांना मुख्य रात्रप्रक्षेपणात तीन तास उशिरा दाखविल्या गेल्या. सिअ‍ॅटल शहर व्हँकूव्हरच्या जवळ आहे आणि दोहोंचे घड्याळ एकच. तेथील प्रेक्षकांची तक्रार रास्त होती. विलंब भूगोलातून आलेला नव्हता, जाहिरातदारांच्या वेळापत्रकातून आला होता.

त्याच स्पर्धांच्या उद्घाटनाच्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, जॉर्जियाचा २१ वर्षांचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावात मार्गाबाहेर फेकला जाऊन मरण पावला. ती काही सेकंदांची फीत अनेक वाहिन्यांनी पुनःपुन्हा दाखविली. बोगातायच्या पडण्याची पुनरावृत्ती गंमत वाटू शकते, कारण तो उठून घरी गेला. येथे तीच तांत्रिक क्रिया असह्य ठरते. पुनरावृत्तीला स्वतःची नीती नसते, ती कोणत्या शेवटाकडे नेते यावर सारे अवलंबून असते.

सोचीच्या उद्घाटनात, ७ फेब्रुवारी २०१४ रोजी, पाच हिमकणांतून पाच वलये उमलायची होती. पाचवे उमलले नाही. मैदानातील लोकांनी आणि परदेशांतील प्रेक्षकांनी चार वलये पाहिली. रशियातील प्रेक्षकांना तालमीचे चित्रण दाखविण्यात आले, त्यात पाचही होती. सोहळ्याचा निर्माता कॉन्स्तांतीन एर्न्स्त याने ही अदलाबदल नंतर मान्य केली. समारोपाला नर्तकांनी मुद्दाम चार वलये आणि एक मिटलेला ठिपका रचून स्वतःचीच थट्टा केली, तेव्हा चूक कथेत सामावून घेतली गेली. पण तालमीची प्रत मूळ म्हणून दाखविली गेली, हा पाठचिकित्सेचा प्रश्न थट्टेने मिटत नाही. त्याच संध्याकाळी भारताचे तीन खेळाडू तिरंग्याविना, ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. भारतीय ऑलिम्पिक संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. ११ फेब्रुवारीला निलंबन उठले आणि समारोपाला तिरंगा आला. ल्यूजपटू शिव केशवनची स्पर्धा मात्र त्याआधीच झालेली होती, त्यामुळे त्याचा निकाल स्वतंत्र सहभागी म्हणून नोंदलेला राहिला. एकाच स्पर्धेत एका खेळाडूचे राष्ट्र वेळापत्रकामुळे गळाले.

निवेदकाच्या अधिकाराला सीमा असते, हे २०१८ साली दक्षिण कोरियात प्याँगचांग येथे दिसले. उद्घाटनाच्या वेळी एनबीसीच्या एका विश्लेषकाने जपान हा कोरियाच्या प्रगतीचा आदर्श असल्याचे कोरियन लोक मानतात, असे विधान केले. १९१० ते १९४५ या काळात जपानी राजवट भोगलेल्या देशात त्यावर तीव्र संताप उसळला आणि वाहिनीला माफी मागावी लागली. दुसऱ्याच्या भूमीवर उभा राहून आपल्या घरच्या श्रोत्यांशी बोलणारा निवेदक यजमानालाही ऐकू जातो. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकांना हा पेच परिचित आहे.

भारतीय प्रेक्षकाचा या कथनाशी संबंध अल्पच राहिला आहे आणि तो भाषेतही दिसतो. बाळ ज. पंडित यांच्या पिढीने क्रिकेटसाठी आकाशवाणीवर मराठी समालोचनाची भाषा घडविली. हिवाळी खेळांसाठी असे काही घडले नाही, घडण्याचे कारणही नव्हते. मराठीच्या रोजच्या वापरात आकाशातून पडणारे ते बर्फ आणि पेल्यात टाकायचे तेही बर्फ. ‘हिम’ हा शब्द ग्रंथात राहतो. हिवाळी ऑलिम्पिकची सगळी विभागणी मात्र या भेदावरच उभी आहे : हिमावरचे खेळ निराळे आणि गोठलेल्या पाण्यावरचे निराळे.

बीजिंग २०२२च्या वेळी हा संबंध अनपेक्षितपणे राजकीय झाला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील चकमकीत जखमी झालेला चिनी सैन्याधिकारी ज्योत वाहताना दिसला. ३ फेब्रुवारीला भारताने राजनैतिक बहिष्कार जाहीर केला आणि उद्घाटन व समारोप थेट दाखविणार नाही, असे प्रसार भारतीने सांगितले. ४ फेब्रुवारीला मैदानात तिरंगा धरून चालला तो काश्मीरचा आरिफ खान. त्या स्पर्धेत भारताचा तो एकमेव खेळाडू होता. न दाखविणे हेही एक विधान असते आणि या विधानाला सबळ कारण होते. पण त्याची किंमत अशी, की देशाच्या सार्वजनिक वाहिनीच्या प्रेक्षकाला देशाचा एकमेव खेळाडू ध्वजासह चालताना थेट दिसला नाही. लेक प्लॅसिडला विलंब होता, सोचीला बदली प्रत होती, येथे पान कोरे होते.

बीजिंगच्या स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम हिमावर झाल्या. १३ फेब्रुवारीला यानचिंगच्या डोंगरावर पुरुषांची जायंट स्लॅलम झाली त्या दिवशी मात्र खरे हिम पडू लागले. इतके पडले की दुसरी फेरी लांबली आणि कॅमेऱ्यांना उताराचा वरचा भाग धड दिसेना. आरिफ खान दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून खाली आला; क्रमांक ४५वा.